दहा फुटाला इंचभर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला तेव्हा बसलो लिहायला. संस्कार, शिस्त, वंदन वगैरे बाकीचे लिहितीलच, मी आपला २०१५ च्या दहावीच्या बॅचचा, गणितात कसाबसा काठावर असलेला पोरगा, मला शाळा म्हणलं की एकच तास आठवतो. भूमितीचा, रेषेचा चढ, म्हणजे रेघ जितकी आडवी जाते त्या मानानं किती वर चढते ते.

त्याच्या आदल्या आठवड्यात युनिट टेस्टमध्ये मला एका गणिताला भोपळा मिळाला होता. दोन बिंदू दिले होते, (२, ३) आणि (६, ११), चढ काढा. मी सूत्र घोकून गेलो होतो (कंसातल्या दुसऱ्या, म्हणजे उभ्या आकड्यांची वजाबाकी वर, पहिल्या, म्हणजे आडव्या आकड्यांची खाली, अन् भागायचं), वर ११ वजा ३ केलं, ८ आले, आणि खाली २ वजा ६ केलं, उणे ४. उत्तर उणे २. वर ज्या बिंदूपासून सुरू केलं खालीही त्याच्याच पासून करायचं असतं हे डोक्यात बसलंच नव्हतं, मला वाटायचं वजाबाकी ती वजाबाकी, कुठूनही करा. सरांनी पेपर देताना एवढंच म्हणलं, "अरे सूत्र राहू दे, आधी आलेखावर दोन ठिपके दे अन् बघ की, रेघ डावीकडून उजवीकडं चढायलीय का उतरायलीय?" चढत होती. मग उत्तर उणे येईलच कसं? हे मला आज लिहिताना सोपं वाटतंय, तेव्हा अक्षरशः कोणीतरी कानशिलात दिल्यासारखं झालं.

तर तो तास. सरांना माहीत होतं आमचे आण्णा गवंडी आहेत अन् रविवारी मी त्यांच्या हाताखाली जातो (जायचो म्हणजे काय, लेव्हलची पाण्याची नळी धरून उभा राहायचो, एक टोक माझ्याकडं, एक आण्णांकडं, आणि नळीतला बुडबुडा निघेपर्यंत शिव्या खायच्या). सरांनी मला उभं केलं. "तुझे आण्णा स्लॅबला ढाळ किती देतात रे?"

मी म्हणलं, "दहा फुटाला इंचभर सर."

सरांनी फळ्यावर लिहिलं १/१०. "बरोबर?" सगळा वर्ग एका सुरात हो. सर म्हणले, "मग ह्याच्या आण्णाच्या स्लॅबवर वाळवण घालायचं नाही, घसरगुंडी खेळायची." कोणालाच काही कळेना. मग त्यांनी दहा फुटाचे १२० इंच केले. वर इंच असेल तर खाली पण इंचच पाहिजे, म्हणून चढ १/१२०, १/१० नाही. १/१० म्हणजे दहा फुटात सरळ फूटभर खाली! मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिन लावतात ना, त्या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे हे मला पुढं कधीतरी कळलं, म्हणजे वर्गानं पास केलेला आमचा स्लॅब त्या घाटापेक्षा जवळजवळ चौपट उभा होता.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. सरांनी विचारलं, पाच फुटावर किती उतरलं? अर्धा इंच. वीस फुटावर? दोन इंच. तिसऱ्या फुटापासून नवव्या फुटापर्यंत? मी बोटं मोजून सांगितलं, सहा फूट, म्हणजे इंचाचे सहा दशांश. "भागून बघ." कुठलेही दोन ठिकाणं घ्या, १/१२० च. आणि मधेच कुठं वेगळं आलं तर? हे मला न विचारता तोंडातून निघालं, "सर, तिथं डबकं साचतं." सर फळ्याकडं वळता वळता थांबले. रेघ सरळ आहे म्हणजे काय, तर तिच्यावर कुठंही मोजा ढाळ तोच निघतो, म्हणून तर कुठलेही दोन बिंदू चालतात. पुस्तकात हे होतंच असणार, पण मला ते स्लॅबवरच्या डबक्यात दिसलं.

आडव्या रेषेचा चढ शून्य हे तर माझ्या हातातल्या नळीतच होतं, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत. उभ्या रेषेचं मात्र अडलं. घरी येऊन आण्णांना विचारलं, भिंतीला ढाळ किती असतो. आण्णा म्हणले, "येडा झालास का, भिंतीला ढाळ आला तर भिंत पडल की." म्हणजे त्यांच्या हिशोबानं भिंतीचा ढाळ शून्य! दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर लय हसले. आण्णा ओळंब्यापासून (दोरीला सरळ खाली लोंबणारं वजन) मोजतात, आपण जमिनीपासून मोजतो, आणि जमिनीपासून मोजलं तर भिंत आडवी सरकतच नाही, खाली शून्य येतं, शून्यानं भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही. परीक्षेत मी 'शून्य' नाही लिहिलं. बाकी मार्कांचं विचारू नका.

पुढच्या वर्षी अकरावीला लातूरला रूम करून राहिलो अन् तो एप्रिल २०१६ सगळ्यांनाच आठवत असंल. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० टाक्या, ५ लाख लिटर, नंतर ५० टाक्यांची गाडी आली, २५ लाख लिटर. धाकटा भाऊ दहावीच्या व्हॅकेशन क्लाससाठी माझ्याकडं आला होता, त्याला पण चढ कळंना, मी पेपरातून हेच दोन बिंदू काढून दिले. वर २० लाखाचा फरक, खाली ४० टाक्यांचा, चढ टाकीमागं ५० हजार लिटर. त्यानं आलेख काढला, रेघ मागं वाढवत नेली तर बरोबर आरंभबिंदूत. मी म्हणलं, बघ, शून्य टाक्या तर शून्य लिटर.

रिकामी घागर दाराशी होती, त्याच्याकडं बघत तो म्हणला, "दादा, आपली गल्ली इथंच आहे बघ."