कुणाला दिसणार नाही

"तुझी छिन्नी सहा दातांची आहे का?"

मी हातानं शिवलेलं माझं पहिलं चामड्याचं पाकीट हातात घेऊन काकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कौतुक ऐकायच्या तयारीनं बसलो होतो. दोन रविवार त्या पाकिटावर गेले होते, डाव्या हाताच्या दोन बोटांना सुया टोचून झाल्या होत्या, घरच्यांनी 'अगदी विकतच्यासारखं' असं प्रमाणपत्रही दिलं होतं. आणि हा माणूस माझ्या अवजाराचे दात मोजत होता.

"हो, सहाच. पण तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी अंगठ्याचं नख शिवणीवर एका जागी टेकवलं. तिथला सहावा टाका बाकीच्यांपेक्षा दीडपट लांब होता. तोपर्यंत तो मला दिसलाच नव्हता, आणि त्यानंतर मात्र त्या पाकिटात मला दुसरं काही दिसेनासं झालं.

चामड्यात सुई कापडासारखी सरळ जात नाही. आधी भोकं पाडून घ्यावी लागतात. ती सारख्या अंतरावर पडावीत म्हणून जेवणाच्या काट्यासारखी दिसणारी एक दातेरी छिन्नी असते. ती आखलेल्या रेघेवर ठेवायची आणि वरून मोगरीचा ठोका द्यायचा, की सहा भोकं एका दमात. पुढच्या ठोक्याला छिन्नीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवायचा, म्हणजे अंतर आपोआप जुळतं. मी पहिल्याच वेळी ते विसरलो आणि छिन्नी अंदाजानं पुढे ठेवली. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या भोकातलं अंतर चारऐवजी सहा मिलीमीटर झालं. काकांनी टाक्यावरून छिन्नी ओळखली आणि छिन्नीवरून माझा वेंधळेपणा.

पाकीट परत देताना म्हणाले, "पण चांगलं झालंय हं. हे कुणाला दिसणार नाही."

हौसेनं चामड्याचं काम करणाऱ्या माणसांत हे वाक्य सतत कानावर पडतं. कुणाची शिवण शेवटच्या वळणावर घसरलेली असते, कुणाच्या पट्ट्यावर रंग ढगासारखा उतरलेला असतो, कुणाची रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, कापता कापता रेघ सोडून गेलेली असते. प्रत्येकाला उत्तर एकच, कुणाला दिसणार नाही. सांगणाऱ्याला मात्र ते सगळ्यात आधी दिसलेलं असतं. दिसलं म्हणूनच तर तो बोलला! इतकं उघड खोटं इतक्या मायेनं बोलताना मी फार लोकांना पाहिलेलं नाही.

आम्ही सात-आठजण आहोत. पोट कुणाचंच यावर नाही. काका आहेत, एक दंतवैद्य आहेत, एक निवृत्त रसायनशास्त्राच्या बाई, एक मुलगा दिवसभर संगणकासमोर बसून कावलेला. महिन्यातून एकदा एका मोठ्या टेबलाभोवती जमायचं, आपापलं अर्धवट काम काढायचं आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं, एवढाच कार्यक्रम. ज्यांचा हा धंदा आहे ते लहानपणी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकलेले असतात. भोक पाडायची आरी कशी धरायची हे त्यांना कुणी शब्दांत सांगितलेलं नसतं, ते बघून हातात आलेलं असतं. हौशी माणूस रात्री जेवणं झाल्यावर एकटा बसतो. आपलं चुकतंय की चामडंच असं असतं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. त्यामुळे शेजारी बसलेलं माणूस ही त्याची खरी गरज. अवजारं काय, पैसे टाकले की येतात. जास्तच येतात. आमच्यातल्या दंतवैद्यांकडे अकरा प्रकारच्या आऱ्या आहेत आणि पूर्ण झालेल्या वस्तू चार.

शिवाय चामड्याला पूर्ववत होणं माहीत नाही. कापड उसवून पुन्हा शिवता येतं, लाकडात भुसा आणि सरस भरता येतो, भांड्याची माती पुन्हा मळता येते. चामड्यात पडलेलं भोक कायमचं. ओल्या चामड्यावर नख लागलं तर तो चंद्रकोरीसारखा ठसाही वाळून तिथेच राहतो. म्हणून इथला सल्ला नेहमी 'आधी' या शब्दानं सुरू होतो. आधी तुकड्यावर करून बघ. आधी कागदाचा नमुना काप. आधी कडा घोटून घे, मग शीव, कारण आतल्या खिशाची कड नंतर हाताला लागत नाही. हे सगळं सांगणाऱ्यानं ते आधी केलेलं नसतं, हेही ओघानं आलंच.

मी कागदाचा नमुना कापला होता. कार्डाची लांबी मोजली, 85.6 मिलीमीटर. कार्ड घट्ट बसावं म्हणून खिसा 86 चा कापला आणि आपल्या काटेकोरपणावर खूश झालो. दोन्ही बाजूंना कडेपासून तीन-तीन मिलीमीटर आत शिवण येणार, हे शिवून झाल्यावर लक्षात आलं. उरलं 80. कार्ड आडवं जाईना म्हणून उभं घातलं. ते खिशात इकडून तिकडे फिरत राहिलं आणि वरून डोकं बाहेर काढून बघायला लागलं. ही हकिकत मी टेबलाशी सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही, याचंच मला नवल वाटलं. मग कळलं की तिघांच्या घरी तसंच पाकीट आहे. चौथ्यानं कार्डाला जागा बरोबर सोडली होती, पण चामड्याचे पाच थर एकावर एक आले की पाकीट मिटत नाही हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचं अजूनही उघडंच असतं.

टाक्याचं प्रकरण वेगळंच आहे. हाताच्या शिवणीत दोरा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. लाकडी चिमट्यात काम गुडघ्यांमध्ये धरायचं आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण सैल पडून उसवायला लागते. इथे बाहेरचा एखादा टाका झिजून तुटला तरी त्याच भोकांतून उलट बाजूनं आलेला दोरा शिवण धरून ठेवतो. ऐकायला सोपं आहे. माझे टाके समोरून बरे दिसायचे आणि मागून मात्र दारू पिऊन चालल्यासारखे.

बाईंनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं आणि विचारलं, "सुई कुठली आधी घालता?"

"हाताला येईल ती."

"अहो, मग टाके तरी काय करतील? उजवी आधी घाला नाहीतर डावी आधी घाला, माझं काही म्हणणं नाही. पण एकदा ठरवलंत की शेवटच्या भोकापर्यंत तीच."

बाईंचं काही म्हणणं नव्हतं, पण बाकीच्यांचं होतं. उजवी की डावी यावर पुढचा अर्धा तास गेला. चहा गार झाला. काका आणि दंतवैद्य या विषयावर आजही एकमेकांशी जपून बोलतात. त्या गदारोळात बाईंनी हळूच माझी दुसरी चूकही दाखवली. दुसरी सुई घालताना ती भोकातल्या पहिल्या दोऱ्याच्याच अंगातून आरपार जात होती, म्हणून दोरा ओढला जात नव्हता. दुसरी सुई घालतानाच आधीचा दोरा मागे ओढून धरायचा, म्हणजे सुईला बाजूनं वाट मिळते. त्या एवढ्याशा ओढीनं माझी शिवण सरळ झाली. दोन हातांत दोन सुया आणि दोरा धरायला तिसरा हात कुठून आणायचा, हे कुणी सांगितलं नाही. तो आपला आपण उगवतो.

बाईंचा धाक सगळ्यांना आहे, पण मला त्यांच्याबद्दल जे वाटतं ते डागांच्या प्रसंगापासून. वनस्पतींच्या सालीतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यानं कमावलेलं फिकट चामडं होतं. असं चामडं तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम साधारण दिवसभरात उरकतं, पण त्या चामड्यावर ठसे नीट उठत नाहीत. मला पानांची नक्षी उठवायची होती. चामडं ओलसर केलं, अर्धी नक्षी उठवली, फोन आला म्हणून लोखंडी पट्टी तशीच वर ठेवून गेलो, आणि सकाळी बघतो तर पट्टीच्या कडेनं निळे-काळे डाग. बुरशी आली समजून मी ते चोळलं, तेव्हा पसरल्यासारखं वाटलं. सगळं गुंडाळून टेबलाशी घेऊन गेलो, टाकून देण्याआधी शोक व्यक्त करावा म्हणून.

बाईंना आनंदच झाला! "अहो, तुम्ही शाई तयार केलीत. टॅनिन आणि लोखंड. युरोपात शेकडो वर्षं लोक हीच शाई वापरून लिहीत होते, फक्त टॅनिन ओकच्या झाडावरच्या गाठींतलं." मग पिशवीतून लिंबू काढलं (त्या लिंबू का बाळगतात हे विचारायचं राहून गेलं), कापसाच्या बोळ्यानं रस लावला आणि डाग डोळ्यांदेखत फिके पडत गेले. पूर्ण गेले नाहीत. पण पुढच्या महिन्यात त्यांनी एक बाटली आणली, व्हिनेगरमध्ये लोखंडी तारेचा काथ्या आठवडाभर भिजवून गाळलेलं गढूळ पाणी. ते त्याच चामड्यावर फिरवलं, तर काही क्षणांत सबंध तुकडा गडद काळा झाला. रंग वर बसलेला नव्हता, आतून आला होता, त्यामुळे हाताला लागण्याचा प्रश्न नाही. शेवटी बेकिंग सोड्याच्या पाण्यानं पुसून घेतलं, कारण आम्ल तसंच राहिलं तर चामडं खातं. माझ्या डागांतून निघालेला तो काळा पट्टा आज माझ्या कमरेला आहे.

छान म्हणणारी माणसं जगात कमी नाहीत. घरचे छान म्हणतात, शेजारी छान म्हणतात, ज्याला वस्तू भेट दिली तो तर म्हणणारच. त्या छानला मी कमी लेखत नाही. पण "दोरा जरा कमी ओढ, चामडं शिवणीशी चुरगळतंय" असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं, कारण त्याचा अर्थ समोरच्यानं वस्तू उजेडाकडे तिरकी धरून, चष्मा कपाळावर सरकवून, मनापासून पाहिली आहे. आमच्याकडे तिरकं धरून न बघता नुसतंच "वा" म्हणणं अपमानास्पद मानलं जातं.

मध्यंतरी आमच्यातल्या संगणकवाल्या मुलानं अर्मेनियातल्या एका प्राचीन बुटाचा फोटो आणला. 2008 साली एका गुहेत सापडला, सुमारे 5,500 वर्षांपूर्वीचा, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या थराखाली राहिल्यामुळे टिकलेला. गाईच्या चामड्याच्या एकाच तुकड्यातून केलेला उजव्या पायाचा बूट, वादीनं आवळलेला. आत गवत भरलेलं होतं. ते पाय उबदार राहावा म्हणून की बुटाचा आकार टिकावा म्हणून, यावर अभ्यासकांनी दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या आहेत. आमच्या टेबलाला मात्र शंका नाही. आकारासाठीच! ओलं चामडं वाळताना आत काही भरलं नाही तर काय होतं, ते आम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. काका फोटो मोठा करून वादीच्या भोकांकडे बराच वेळ बघत होते. आता बुटाच्या मालकाला काही सुचवणार की काय, अशी मला भीती वाटली.

गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी आली. पहिल्यांदाच पट्टा केला होता आणि तिनं कमरेचं माप पँटवर लिहिलेल्या आकड्यावरून घेतलं होतं. तो आकडा आणि प्रत्यक्ष पट्ट्याची लांबी यांचा फारसा संबंध नसतो. बकलापासून ज्या भोकात तो नेहमी अडकवायचा त्या भोकापर्यंत मोजायचं असतं. तिचा पट्टा अर्थातच पोचत नव्हता. ती इतकी हिरमुसली होती की मी घरून मुद्दाम आणलेलं माझं पहिलं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, बघ, हे माझं, यात तर कार्डही मावत नाही.

तिनं ते हातात घेतलं. उघडलं, मिटलं, उजेडाकडे तिरकं धरलं. कडेवरून अंगठा हळूहळू फिरवत गेली.

"छान आहे की दादा," ती म्हणाली. "आणि ते कुणाला दिसणार पण नाही."

तिचा अंगठा सहाव्या टाक्यावर थांबला होता.