जुझेंची वही : या पावसाळ्यातली भर

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की गोव्यात जन्मलेल्या पण फारशा कुणाच्या लक्षात न राहिलेल्या जुझे नावाच्या माणसांची मी टिपणं काढतो. बाणावलीचे संत जुझे वाझ आणि कांदोळीचे आबे फारिया यांना वहीत पान नाही. एकाला २०१५ साली संतपद मिळालं, दुसऱ्याचा पुतळा पणजीत उभा आहे. मला बाकीचे हवेत.

एकाच नावाची माणसं शोधताना गाव आणि आडनाव एवढाच काय तो आधार. त्यातून पुस्तकांवर पुष्कळदा नुसतं 'जे.' छापलेलं असतं. म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत आता मी आधी आडनावच पाहतो.

बराचसा पावसाळा हडफड्याच्या जुझे गर्सन द कुन्हा यांच्यावर गेला, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. जन्म १८४४चा, पेशा डॉक्टरकीचा, मुक्काम मुंबईत. चौल-वसईच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक १८७६चं, इंडो-पोर्तुगीज नाण्यांवरचं १८८०चं. या दोहोंच्या मध्ये, १८७७ साली, त्यांनी सह्याद्रिखंडाची संहिता छापली. परशुरामाची, आपल्या गावांची आणि कुळांची कथा सांगणारं तेच सह्याद्रिखंड! एका गोंयकार ख्रिस्ती डॉक्टराने हस्तलिखितं जमवली, पाठ ताडून पाहिले, पाठभेद नोंदवले आणि संस्कृत ग्रंथ पहिल्यांदा छापून काढला. कुलदैवतांवर लिहिणारे आपले लोक या ग्रंथाचा आधार हमखास घेतात, संपादकाचं नाव मात्र क्वचित घेतात. मला हे फार खटकतं.

दुसरे आसगावचे जुझे कामिल लिस्बोआ. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले, म्हणजे भाऊ दाजींचे सहाध्यायी. मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८८६चा. त्यांच्या पानाला मी एक जोडपान लावलंय. इलाख्यातल्या गवतांची यादी नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली, ती त्यांच्या पत्नी जूलिया यांची. छापलेलं नाव मात्र 'मिसेस जे. सी. लिस्बोआ'. ट्रायपोगॉन लिस्बोए हे गवताचं शास्त्रीय नाव याच आडनावावरून आलंय. पुढच्या वेळी सड्यावर जाल तेव्हा पायाखाली जरा बघा.

दिवाडीचे पाद्री जुझे आंतोनियु गोन्साल्विस पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७च्या पिंटोंच्या बंडातले. आपल्या पाद्र्यांना डावलून वरच्या जागा गोऱ्यांना मिळत, हा राग त्या बंडाच्या मुळाशी होता. आबे फारियांचे वडील कायतान व्हितोरिनु यांचंही नाव त्यात गोवलं गेलं होतं. हे पान अजून अर्धंच आहे. बंडाबद्दल लिहिणारे सगळे पुढाऱ्यांची नावं एका दमात घेतात, एकेका माणसाचं आयुष्य वेगळं काढायला वेळ लागतो.

सध्या हाती आहेत जुझे निकोलाव द फोन्सेका. जुन्या गोव्याच्या इतिहासावर आणि पुरातत्त्वावर त्यांचं इंग्रजी पुस्तक १८७८ साली मुंबईत निघालं. आधी गोव्याच्या मुलखाची आकडेवारी, मग ओसाड पडत गेलेल्या शहराची चर्चेस, कॉन्व्हेंटं, रस्ते. पाऊस ओसरला की पुस्तक बरोबर घेऊन जुन्या गोव्यात जाणार आहे. त्यांनी वर्णन केलेल्या वास्तूंपैकी जागेवर काय उरलंय, ते एकेक करून वहीत उतरवायचंय. दिवाडीची फेरी तिथूनच सुटते, तेव्हा गोन्साल्विसांचा गावही त्याच दिवशी होईल. कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा.