घोयऱ्याची अंडी आणि न आलेला परवाना

घोयरा, म्हणजेच शॅमेलिऑन, याची भारतात एकच जात आढळते, आणि ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे घोयऱ्यांच्या पाहणीच्या आमच्या मोहिमेच्या आखणीत जंगलापेक्षा टपाल जास्त होते. अभयारण्यात रात्री फिरण्याची परवानगी मागणारा आमचा अर्ज ‘रात्री कशासाठी?’ एवढ्याच शेऱ्यासह दोनदा परत आला. कारण साधे आहे. दिवसा पानांत डोळ्यांसमोर असूनही न दिसणारा हा प्राणी रात्री फांदीच्या टोकाशी झोपतो, त्याचा रंग फिकट होतो आणि विजेरीच्या झोतात तो वाळक्या पानासारखा उठून दिसतो. अर्ज वाचणाऱ्याने एकदा तरी विजेरी घेऊन बाभळीखाली उभे राहावे, असे मला फार वाटले.

परवाना येईपर्यंत, ऑक्टोबरमध्ये, आम्ही अभयारण्याबाहेरच्या रस्त्याकडेची कुंपणे नुसती पाहून घ्यायचे ठरवले. पाचशे मीटरचा एकेक पट्टा, दोन निरीक्षक, पावलागणिक थांबत चालणे. प्रत्येक पट्टा तीन वेगवेगळ्या रात्री, कारण एका फेरीत न दिसलेला प्राणी तिथे नाहीच, असे लिहिणे म्हणजे स्वतःला फसवणे.

पहिल्याच संध्याकाळी रस्त्याच्या कडेला घोयऱ्याची एक मादी अंडी घालण्यासाठी माती उकरताना दिसली. डोके आणि पुढचे पाय खड्ड्यात, फुगलेले पोट वर, आणि स्वतंत्रपणे फिरणाऱ्या डोळ्यांपैकी एक आमच्याकडे वळलेला. तिच्यापासून हातभर अंतरावर जलवाहिनीच्या चरासाठी फक्कीची रेघ मारलेली होती आणि पुढच्या वळणावर जेसीबी उभा होता.

“सर, उचलून पलीकडे ठेवू या ना, कोण बघतंय?” विद्यार्थी म्हणाला. मी त्याला रागावलो. या कायद्याच्या व्याख्येत वन्यप्राणी पकडणे हीसुद्धा शिकारच, आणि मोजमापाचा कॅलिपर पिशवीत असला तरी परवाना हातात नव्हता. शिवाय खड्डा अर्धवट टाकून ती कुठे जाणार होती? अंधार पडल्यावर तिने माती ओढून खड्डा बुजवला आणि ती कुंपणात चढली.

वनरक्षकांना रात्रीच फोन केला. ते सकाळी मोटारसायकलवरून वेळेवर आले, हे मुद्दाम नोंदवतो; एरवी या खात्याविषयी मी फारसे चांगले बोलत नाही. जेसीबीच्या चालकानेही “ठीक आहे साहेब” म्हणत चर दोन मीटर पलीकडे घेतला. मात्र उपसलेल्या मातीचा ढीग नेमका त्या जागेवर टाकला गेला. तो आम्ही हातांनी बाजूला केला, पण वजनाने खालची माती किती दबली, हे उकरल्याशिवाय कळणार नव्हते, आणि उकरायचे तर पुन्हा परवाना हवा.

तो नऊ दिवसांनी आला. त्यात वेळ होती ‘सूर्योदय ते सूर्यास्त’. दुरुस्तीसाठी अर्ज केला आहे. पिल्ले बाहेर यायला कित्येक महिने लागतात, म्हणून आराखड्यात त्या जागेच्या दर पंधरवड्याच्या फेऱ्या मी घातल्या आहेत, आणि ‘उद्देश’ हा रकाना अजून कोराच आहे.