चिठ्ठीतला स्किप

सीझनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आमच्या कर्लिंग क्लबच्या दारातच एक टेबल मांडलेलं असायचं आणि त्यावर चार डबे. लीड, सेकंड, व्हाइस, स्किप. बर्फावरून जड दगड सरकवत पलीकडच्या वर्तुळांत नेऊन थांबवायच्या या खेळात टीमच्या या चार जागा, आणि स्किप म्हणजे कप्तान. ज्याने त्याने आपल्या जागेप्रमाणे आपल्या नावाची चिठ्ठी त्या त्या डब्यात टाकायची. मग चारही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची आणि त्या दिवसापुरती नवी टीम तयार. मी लीडच्या डब्यात चिठ्ठी टाकताना मनात एकाच स्किपचं नाव धरायचे. सात वर्षं धरलं, सातही वर्षं दुसरंच कुणीतरी वाट्याला आलं.

एरवी आमची लीग म्हणजे आठवड्यातली एक संध्याकाळ. टीम ठरलेली, वेळ ठरलेली आणि खरं सांगायचं तर तक्त्यातली जागाही ठरलेली. खालून दुसरे की तिसरे, एवढाच काय तो सस्पेन्स. महिनोन्‌महिने त्याच चौघांत खेळलं की बारीकसारीक गोष्टी साठत जातात. कोण उशिरा येतो, कोण झाडू नुसताच बर्फावरून फिरवतो, कुणाला हरल्यावर दुसऱ्याच्याच चुका आठवतात. शेवटचा शनिवार हे सगळं उधळून लावायचा. ज्याच्यावर वर्षभर दात धरलेला असे तोच नेमका आपला सेकंड म्हणून निघे, आणि दोन एंड, म्हणजे दोन डाव, होईपर्यंत लक्षात येई की माणूस तसा बरा आहे. कर्लिंगवाले अशा जमावाला बॉनस्पील म्हणतात. आमच्याकडे तो शब्द फक्त भिंतीवरच्या कागदावर असे, तोंडात ‘शेवटचा शनिवार’च.

मला हवे असलेले स्किप वयाने बरेच मोठे होते. पाठीमागे सगळे त्यांना भोंगा म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. हाउसमध्ये, म्हणजे निशाणाच्या वर्तुळांत, उभं राहून ते ‘हर्री!’ म्हणून ओरडले की शेजारच्या शीटवर, म्हणजे बर्फाच्या पट्टीवर, माझा झाडू आपोआप जोरात चालायला लागे. दगडापुढे झाडू मारला की तो लांब जातो, आणि ‘हर्री’ म्हणजे जोरात मारा. आमचा स्किप वैतागून म्हणायचा, “अगं, तो आपला नव्हे!” तोवर आमचा दगड जिथे थांबायला हवा त्याच्या दोन हात पुढे निघून गेलेला असे.

लीडचं काम फारसं कुणाच्या नजरेत भरत नाही. प्रत्येक एंडला टीमचे आठ दगड. त्यातले पहिले दोन आपले, आणि उरलेल्या सहा दगडांपुढे झाडू मारत शीटच्या या टोकाहून त्या टोकाला धावायचं. शीट साधारण ४५ मीटर लांब. आठ एंड झाले की घामाने कपडे अंगाला चिकटतात. बर्फावरच्या खेळात घाम कसला येतो, असं विचारणाऱ्याच्या हातात एकदा झाडू द्यावा.

शनिवारी सकाळी लवकर पोचलं तर बर्फ तयार होताना बघायला मिळे. शीटवरचा बर्फ काचेसारखा गुळगुळीत असतो असा माझा कैक दिवस समज होता. तसा तो असला तर दगड अर्ध्या वाटेतच बसेल. आमचा आइसमेकर पाठीवर कोमट पाण्याची टाकी बांधायचा, हातात झारीसारखं तोंड असलेली नळी, आणि उलट्या पावली चालत हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलवत जायचा. पाण्याचे थेंब बर्फावर पडताच गोठत आणि सगळ्या शीटवर बारीक पुरळ उठल्यासारखं दिसे. याला पेबल म्हणतात. मग एक रुंद पातं फिरवून त्या पुरळाचे शेंडे तेवढे तासायचे. जवळजवळ २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड पळतो तो या शेंड्यांवरून. तोही पूर्ण टेकत नाही. त्याचं पोट खोलगट असतं, आणि बर्फाला लागते ती फक्त एक अरुंद गोल कडा.

तिसऱ्या वर्षी मी हट्ट करून ती टाकी पाठीवर घेतली. आइसमेकरने एकच सूचना दिली होती, काहीही झालं तरी हात थांबवायचा नाही. निम्मी शीट झाली आणि मला शिंक आली. हात थांबला असेल एखादाच सेकंद. तेवढ्यात एका जागी पाणी साचून बोटभर लांबीचं टेंगूळ झालं. त्याने ते खरवडून काढलं, पण काहीतरी उरलंच असावं, कारण दिवसभर तिसऱ्या शीटवर दगड एका ठरावीक जागी अंग चोरल्यासारखे सरकत. त्या शीटवर जे जे हरले त्यांनी माझ्या शिंकेचं नाव घेतलं. जिंकणाऱ्यांना टेंगूळ आढळलं नव्हतं.

दगडांचेही स्वभाव असतात. हा दगड बहुतेक ठिकाणी स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्याशा बेटावरचा. तिथलं ग्रॅनाइट पाणी धरत नाही, म्हणून गोठून तडकत नाही. ऑलिंपिकमध्येही त्याच बेटावरचा दगड असतो, हे नव्या मेंबरला सांगताना आमच्या सेक्रेटरीचा आवाज उगाचच गंभीर व्हायचा. पण एकाच खडकातून आलेले असले तरी वर्षानुवर्षं वापरून त्यांच्या कडा वेगवेगळ्या झिजतात. हँडलवर नंबर असतो आणि प्रत्येक नंबराची ख्याती असते. पिवळ्या हँडलचा दोन नंबर मला सख्ख्या भावंडासारखा पाठ होता, कारण लीडकडे एक आणि दोन हेच दगड येतात. तो इतरांपेक्षा जास्त वळायचा. सोडताना हँडलला जरासा पीळ दिला की ज्या दिशेला दगड फिरतो त्याच दिशेला तो वळतही जातो. टेबलावर उलटा पेला फिरवत ढकलून बघा, तो नेमका विरुद्ध बाजूला जाईल. हे असं का, यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही. आमच्या क्लबात मात्र प्रत्येकाकडे याचं ठाम उत्तर होतं.

पडण्याचं सांगायचं राहिलंच. दगड सोडताना एका पायाखाली निसरडा स्लायडर लागतो, आणि उठून चालायच्या आधी त्यावर रबरी ग्रिपर चढवायचा असतो. उत्साहाच्या भरात हे विसरायला होतं. पहिल्याच शेवटच्या शनिवारी मी दगड सोडला, टाळ्या ऐकल्या, उठून एक पाऊल टाकलं आणि छत पाहिलं. संध्याकाळी बक्षिसं वाटताना ‘सर्वाधिक काळ आडवे’ म्हणून झिजलेल्या झाडूचं पॅड मला मिळालं. पुढच्या वर्षीही मिळालं. दोन्ही अजून माझ्या कपाटात आहेत.

पाचव्या वर्षी आम्ही भोंग्याच्याच टीमविरुद्ध होतो. बरोबरी, शेवटचा एंड, आमच्या व्हाइसचा दगड चाललेला, वजन, म्हणजे वेग, अगदी हवा तेवढा. मी आणि सेकंड त्याच्यापुढे झाडू मारत होतो. दोन्ही हॉग लाइनच्या, म्हणजे दोन्ही हाउसच्या अलीकडे आखलेल्या रेषांच्या, मध्ये कुठेतरी माझ्या झाडूची कड दगडाला लागली. लागली म्हणजे काय, हाताला एक बारीकसा ठणका जाणवला एवढंच. सेकंडलाही कळलं नाही. चालत्या दगडाला त्या पट्ट्यात आपल्याच माणसाचा झाडू किंवा पाय लागला, तर तो दगड आपणच तिथल्या तिथे उचलायचा असतो. याला दगड ‘बर्न’ झाला म्हणतात. लीगमध्ये पंच नसतो. लागलंय की नाही, हे ज्याचं त्याने सांगायचं.

मी हात वर केला आणि दगड पायाने अडवला. आमच्या स्किपने लांबून काय म्हणून हात झटकले ते मला आजही दिसतं. आम्ही एका गुणाने हरलो.

खेळ संपला की दोन्ही टीम एकाच टेबलावर बसतात आणि पहिलं पेय जिंकणाऱ्यांनी द्यायचं. ही रीत फार जुनी. पूर्वी उघड्यावर खेळताना मध्येच थांबत, शेकोटीपाशी झाडू एकमेकांना टेकवून ठेवत आणि प्रतिस्पर्ध्याबरोबरच घसा ओला करत. म्हणून हिचं नाव ब्रूमस्टॅकिंग. तर भोंग्याने माझ्यासमोर ग्लास ठेवला आणि इतक्या हळू आवाजात, की हा तोच माणूस का असं वाटावं, म्हणाले, “दगड जरासा लचकला ते मी पाहिलं होतं. वाट बघत होतो.”

माझ्या पोटात गोळा आला. हात वर करायला मी किती वेळ घेतला होता, याचा हिशोब मी रात्री अंथरुणात पडल्यापडल्या करत होते. दीड सेकंद? दोन?

मग ते वर्ष, ज्या वर्षी बर्फच नव्हता. शनिवारच्या दोन दिवस आधी कॉम्प्रेसर बंद पडला आणि चारही शीटची तळी झाली. कार्यक्रम रद्द करायचा कागद कुणीतरी दारावर लावला, दुसऱ्या कुणीतरी तो फाडला. नवशिक्यांना दाखवायला ठेवलेले, खाली छर्रे असलेले हलके प्लॅस्टिकचे दगड बाहेर निघाले, रंगीत वर्तुळं छापलेली चटई अंथरली आणि सभागृहाच्या फरशीवर बॉनस्पील सुरू झालं. निम्मे लोक नाकं मुरडत होते. तेव्हा आमच्यातला एक इतिहासवेडा खुर्चीवर चढला आणि म्हणाला, “१८४२ साली स्कोन पॅलेसमध्ये व्हिक्टोरिया राणीला हा खेळ बॉलरूमच्या गुळगुळीत फरशीवरच करून दाखवला होता. त्यानंतर वर्षभरात स्कॉटलंडच्या क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं. राणीला फरशी चालली, तुम्हाला का चालू नये?” सगळ्यांची तोंडं बंद. फरशीवर झाडूचा काडीचा उपयोग नसतो. तरीही भोंगा प्रत्येक दगडामागे जीव खाऊन ‘हर्री’ ओरडत होते, आणि आम्ही शहाणीसुरती माणसं झाडू घेऊन फरशी झाडत होतो. इतकी हसले नाही मी कुठल्या शनिवारी.

संध्याकाळच्या टेबलावर एक बाई ग्रँड मॅचची गोष्ट सांगायच्या. स्कॉटलंडचे उत्तर विरुद्ध दक्षिण असे कर्लर गोठलेल्या तळ्यावर जमत, ती मॅच. शेवटची झाली १९७९ मध्ये, लेक ऑफ मेंटीथवर. बाई तरुणपणी तिथे झाडू मारून आल्या होत्या. एकाच वेळी इतके दगड चालले होते की तळं गुरगुरत होतं, असं त्या सांगत. गोष्ट दरवर्षी तीच, फक्त तळ्यावरचा बर्फ दरवर्षी इंचभर जाड होई. २०१० च्या हिवाळ्यात तळं पुन्हा गोठलं, पण सुरक्षेच्या कारणावरून मॅच भरली नाही, इथवर आल्या की त्या ग्लास जरा जोरात ठेवत. मग कुणीतरी विषय बदलायचं. बहुतेक वेळा मीच.

आठव्या वर्षाच्या आधी दोन गोष्टी झाल्या. आमचा स्किप दुसऱ्या गावी गेला आणि कुणीच पुढे येईना म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आणि भोंग्याचा गुडघा गेला. सीझनभर ते दिसलेच नाहीत. शेजारची शीट इतकी शांत असायची की आमच्या दगडाचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

शेवटच्या शनिवारी मात्र ते आले, हातात डिलिव्हरी स्टिक. खाली न बसता, काठीच्या टोकाने हँडल धरून चालत चालत दगड सोडायचा, अशी ती काठी. याच काठीची त्यांनी वर्षानुवर्षं टर उडवली होती, त्यामुळे कुणीच काही बोललं नाही. झाडू मारत धावणं आता झेपणार नाही, नुसते पहिले दोन दगड टाकेन म्हणाले, आणि त्यांनी चिठ्ठी लीडच्या डब्यात टाकली. सवयीने माझाही हात त्याच डब्याकडे गेला होता. तो मागे घेऊन मी माझी चिठ्ठी स्किपच्या डब्यात टाकली. त्या वर्षी मनात नाव धरायचं मी विसरलेच.

चिठ्ठ्या वाचणारीने आधी माझं नाव वाचलं, मग व्हाइस, मग सेकंड. लीडची चिठ्ठी उघडून ती हसायलाच लागली.

आमचे दगड पिवळे. मी पलीकडच्या हाउसमध्ये गेले, पुढे एक गार्ड, म्हणजे वाट अडवणारा दगड, हवा म्हणून झाडूने जागा दाखवली आणि मग निशाणासाठी झाडू बर्फावर उभा धरला. त्यांचा पहिला दगड बरा पडला, किंचित आखूड. दुसरा घेऊन ते हॅकपाशी, म्हणजे दगड सोडताना पाय रोवायच्या जागी, उभे राहिले. काठी हँडलला लावली, माझ्या झाडूकडे पाहिलं आणि हललेच नाहीत. जवळजवळ ३८ मीटर लांब, डोकं जरा कललेलं. माझे तळवे घामेजले. दुसरी टीमही बघायला लागली.

“दोन नंबर आहे हा!” आवाज आला. “विसरलीस? ब्रूम वीतभर बाहेर घे!”

मी झाडू वीतभर बाहेर घेतला. शेजारच्या शीटवर, त्या आवाजासरशी, कुणीतरी जोरजोरात झाडू मारायला लागलं होतं.