२ मार्च, पूर्व दरवाजा

काल २ मार्च. सकाळी भाच्याला घेऊन होळकर पुलावरून चालत पंचवटीत गेले. गाडी मुद्दाम घेतली नाही. या दिवशी काळाराम मंदिराला पायीच जायचं, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

माझे आजोबा दिंडोरी तालुक्यातले. १९३० साली सतरा वर्षांचे होते. त्या २ मार्चला रविवार होता. आदल्या रात्रीच ते गावातल्या माणसांबरोबर निघाले. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा. काळाराम मंदिरात आपल्या लोकांना, तेव्हाच्या अस्पृश्यांना, प्रवेश नव्हता. तो मिळवायला बाबासाहेब नाशकात आले होते आणि त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी गावोगाव निरोप धाडले होते. सभा झाली, मग जवळजवळ पंधरा हजार माणसांची मिरवणूक शिस्तीत मंदिराकडे निघाली. पोहोचले तर चारही दरवाजे बंद. लोक गोदेच्या घाटावर गेले, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दरवाज्यांसमोर बसायचं ठरलं. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया होत्या. त्या पंचवीस जणींचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. घरी लेकरं कोणापाशी ठेवून आल्या असतील?

आजोबांच्या डाव्या भुवईवर व्रण होता. चैत्रातल्या रथाच्या दिवशी, ९ एप्रिलला, दगड लागला होता. रथ सवर्णांनी आणि आपल्या माणसांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं, पण ऐनवेळी सवर्णांनी तो पळवला आणि दगडफेक सुरू झाली. लहानपणी मी त्या व्रणावरून बोट फिरवायची. तिथे केस उगवत नसत. ते म्हणायचे, "दगडाचं काय, पोरी. गावात परत गेल्यावर पाणी बंद केलं, ते जास्त लागलं."

हे एका दिवसाचं नव्हतं. उन्हाळे, पावसाळे गेले, माणसं तुरुंगात गेली, दरवाजा उघडला नाही. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून कळवलं की आता हे थांबवावं. आपल्या लोकांनी मूर्तीपुढे हात जोडावेत म्हणून हा लढा नव्हता, ती माणसं जागी व्हावीत म्हणून होता, असा त्या पत्राचा आशय. मला हे पत्र फार मोठं वाटतं. पुढल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. येवला इथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. या दोन गावांमधलं अंतर मी त्या साडेपाच वर्षांनीच मोजते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजोबा कुठल्याच देवळात गेले नाहीत. पण २ मार्चला न चुकता एसटीने यायचे, धुतलेलं धोतर नेसून पूर्व दरवाज्यासमोर उभे राहायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि परत जायचे. त्यांच्यामागे वडील यायचे. आता मी येते.

काल निळे झेंडे घेऊन बरीच माणसं आली होती, घोषणा झाल्या. ती पांगल्यावर मी भाच्याला दरवाजा दाखवला. काळा दगड, उंबरठा, बाजूला फुलांच्या टोपल्या, कुठून कुठून आलेले यात्रेकरू. तो बारावीला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्या, आपण आत जायचं का?"

"तुला जायचं तर जा," म्हटलं. "मी इथेच उभी आहे."

तो गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला, पायात चपला सरकवत म्हणाला, "कोणी काहीच विचारलं नाही."

माझ्या घशाशी आवंढा आला. मी त्याच्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. तो चमकून मागे सरला. मग टपरीवर आम्ही चहा घेतला.