सना गमीलची माहितीचौकट भरताना

मराठी विकिपीडियावर शुद्धलेखन सुधारत बसायचा मला जुना नाद आहे, पण नवा लेख तडीस नेला तो एकच, इजिप्तची नाट्य-चित्रपट अभिनेत्री सना गमील हिच्यावरचा. एका रविवारात उरकेल असं वाटलं होतं. तीन आठवडे तो माझ्या धूळपाटीवरच, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावरच, पडून होता.

पहिला अडथळा नावाचाच. 'जमील' आपल्याला ओळखीचं, अरबीत अक्षरंही तीच. पण कैरोच्या बोलीत त्या ज चा ग होतो, म्हणून तर इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांना आपण गमाल म्हणतो. मी 'गमील' ठेवलं आणि माहितीचौकटीच्या (लेखाच्या कडेला नाव-जन्म-मृत्यू देणाऱ्या तक्त्याच्या) पुढच्या रकान्यात गेलो, तर जन्मनाव भलतंच: सुरय्या युसूफ अताल्ला. जन्म 27 एप्रिल 1930, मिन्या प्रांतातलं मल्लवी, कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या मूळच्या ख्रिस्ती पंथाचं, घर. नाटक शिकायला संस्थेत गेली म्हणून घरच्यांनी तिला तोडलं, आणि नाट्यदिग्दर्शक झकी तुलैमात यांनी रंगभूमीसाठी तिला नवं नाव दिलं. म्हणजे अर्धी चौकट भरेपर्यंत बाईचं माहेर संपलेलं होतं.

'कारकीर्द' लिहायची तर चित्रपट बघायलाच हवे होते. 'बिदाया व निहाया' (1960) दोनदा पाहिला. इजिप्तचे कादंबरीकार नगीब महफूझ यांच्या कादंबरीवर पडद्यासाठी बेतलेला हा पहिला चित्रपट, दिग्दर्शक सलाह अबू सैफ. सनाने केलेली नफीसाची भूमिका आधी अभिनेत्री फातिन हमामाला विचारली होती, तिने नाकारली. नफीसा दिसायला बेताची. वडील वारल्यावर शिवणकाम करून घर चालवते, वाण्याचा मुलगा लग्नाचं आमिष दाखवून तिला फसवतो आणि तिथून ती घसरत शरीर विकण्यापर्यंत जाते. शेवटी लष्करी अधिकारी झालेला भाऊ (उमर शरीफ) तिला नाईलच्या काठी आणतो. तो प्रसंग संपल्यावर त्या रात्री एक ओळही लिहिली गेली नाही.

मग 'अझ्-झौगा अस्-सानिया', म्हणजे 'दुसरी बायको' (1967), दिग्दर्शक तेच. इथे ती गावच्या उमद्याची, म्हणजे आपल्या भाषेत पाटलाची, मूल न झालेली पहिली बायको. पाटील झालेला नट बघून मी थांबलोच. सलाह मन्सूर! आधीच्या चित्रपटात नफीसाला फसवणारा वाण्याचा पोरगा तोच. आता मात्र तो तिच्या धाकात. ज्ञानकोशाच्या लेखात असला शेरा चालत नाही, म्हणून इथे सांगून घेतो.

1988 च्या 'अर्-राया अल्-बैदा' या मालिकेतली तिची फद्दा मासळीच्या धंद्यात गब्बर झालेली, अलेक्झांड्रियातला एका निवृत्त राजदूताचा जुना बंगला पाडायला निघालेली. रंगभूमीवरची कामं मात्र यादीपुरतीच उरली. स्विस नाटककार ड्यूरेनमाटच्या नाटकातली सूड घ्यायला गावी परतलेली श्रीमंत म्हातारी तिने केली, पण ती मी पाहणार कुठे?

'पती' हा रकाना सोपा निघाला: पत्रकार लुई ग्रेस, लग्न 1961. ती मुसलमान आहे असं समजून ते धर्म बदलायलाही तयार झाले होते. मग कळलं, तीही ख्रिस्तीच.

अडलो ते मृत्यूच्या तारखेपाशी. कुठे 19 डिसेंबर 2002, कुठे 22. मी हे छपाईतली चूक समजून सोडून देणार होतो. मग लुई ग्रेस यांनी सांगितलेली हकीकत वाचली. त्यांनी वर्तमानपत्रांतून निधनाची बातमी दिली आणि तीन दिवस दफन लांबवलं, माहेरचं कोणी येईल म्हणून. कोणीही आलं नाही.

तारखेच्या रकान्यात दोन्ही तारखा लिहिल्या. 'नातेवाईक' ही ओळ काढून टाकली आणि लेख प्रकाशित केला. दोन दिवसांनी पाहिलं तर कुणीतरी 'गमील'चं 'जमील' केलं होतं. ते परत 'गमील' केलं आणि चर्चा पानावर कैरोच्या ग बद्दल चार ओळी लिहिल्या.