दुर्बीण, ओले बूट आणि पहाट

पक्षी बघायचे तर पहाटेच बाहेर पडावं, या मताची मी आहे. तेव्हा हवा शांत असते, आवाज लांबून ऐकू येतात आणि पक्षी गाण्यात, चरण्यात गुंतलेले असतात. माझी दुर्बीण 8×42 ची आहे. म्हणजे सगळं आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं 42 मिलिमीटर व्यासाची. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना याहून जास्त पटीची हवी असते. पण मग हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि पक्षी नजरेत ठरत नाही.

घरी आल्यावर भिंगं ओढणीने किंवा शर्टाने पुसू नका, अगदी कळकळीने सांगते! आधी ब्लोअरने धूळ उडवा, मऊ ब्रश फिरवा, मगच मायक्रोफायबरचं कापड. धुळीचे कण घासले गेले की भिंगावरच्या लेपाला कायमचे ओरखडे पडतात.

बूट भिजले असतील तर लेस आणि आतले सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. कागद ओला झाला की बदला. हीटरजवळ मात्र ठेवू नका. उष्णतेने गोंद सुटतो, चामडं तडकतं. सावलीत, वारा लागेल तिथे ठेवा. वाळायला दोन दिवस लागले तरी चालेल, तोवर मी जुन्या जोडीवर फिरते.